मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्री नर्स किती, हेही विचारा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावर आपल्या दैनिकात अलीकडे नियमित लिहून येतं आणि मी ते आवर्जून वाचते. मागच्या महिन्यातल्या लेखात मनोविकारतज्ज्ञांची टंचाई आली, औषधांचा तुटवडा आला, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतल्या खाटांचा हिशेब आला. नर्सबद्दल मात्र त्यात एक ओळही नव्हती. मी आधी सिव्हिल हॉस्पिटलात अधिपरिचारिका होते, पुढे मनोरुग्णालयात बदली झाली आणि तिथूनच परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. त्या लेखात राहून गेलेलं मला लिहावंसं वाटलं. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण कायद्याचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

डॉक्टर सकाळी राउंड घेतात, औषधं लिहितात, गरज पडली की रात्रीही येतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एकेकाच्या पुढ्यात केसपेपरचा एवढा गठ्ठा असतो की याहून जास्त वेळ ते देऊच शकत नाहीत. दिवसाचे उरलेले तास आणि अख्खी रात्र रुग्णाजवळ असतात ते नर्स आणि वॉर्डात मदतीला असलेले मामा आणि मावशी. रुग्ण जेवला का, झोपला का, कोणाशी बोलला, कशानं दचकला, बाथरूममध्ये जाऊन किती वेळ आत राहिला, भाऊ भेटून गेल्यावर गप्प झाला का, हे सगळं ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना, एक सिस्टर दुसरीला सांगते आणि सकाळी डॉक्टरांच्या कानावर घालते. मधुमेह रक्तात सापडतो, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य असं कुठल्या तपासणीत दिसत नाही. रुग्णाकडे कोणी किती वेळ नीट पाहिलं, यावर निदानही ठरतं आणि औषधाची मात्राही.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. बांधायचं असेल, तर त्याला किंवा दुसऱ्या कोणाला तात्काळ इजा होण्याचा धोका असला पाहिजे आणि ती टाळायला दुसरा कुठलाही मार्ग उरलेला नसला पाहिजे. तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, धाक म्हणून बांधायचं नाही. का बांधलं, कसं बांधलं, किती वेळ बांधलं याची नोंद लगेच केसपेपरवर करायची आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांच्या आत कळवायचं. याच कलमात पुढे म्हटलं आहे की, केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून रुग्णाला कोणत्याही परिस्थितीत बांधता येणार नाही. साखळ्या तर कलम ९५ नं सरसकट बंद केल्या. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेले रुग्ण जागचे हलू शकले नाहीत आणि २८ जणांचा जीव गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही ड्यूटीवर दुसरं काही बोलत नव्हतो.

हे कलम मला मनापासून पटतं. पण ‘माणसं कमी आहेत’ हे कारण कायद्यानं एकदा काढून घेतलं, की माणसं पुरवायची जबाबदारी सरकारवर येते. ती कोणी विचारत नाही. रुग्णाला बांधल्याची तक्रार झाली की पहिली नोटीस त्या रात्रीच्या सिस्टरला जाते. तिच्याकडे किती रुग्ण होते, ती एकटी होती का, सोबतचा मामा दुसऱ्या वॉर्डात पाठवला होता का, हे चौकशीच्या कागदात शोधूनही सापडत नाही.

पुरेशी माणसं असली की काय होतं, ते सांगते. पंचविशीतला एक मुलगा, पहिल्यांदाच भरती झालेला. रात्रीच्या जेवणात विष कालवलंय अशी त्याची खात्री. ताट भिरकावलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांना ढकललं आणि खिडकीचे गज धरून ओरडायला लागला. अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं असतं. बोलायचं एकानंच, बाकीच्यांनी लांब थांबायचं. बघायला जमलेल्या रुग्णांना बाजूला न्यायचं. अगदी समोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं आणि हातभर अंतर सोडून उभं राहायचं. दाराकडची त्याची वाट अडवायची नाही आणि आपलीही मोकळी ठेवायची. आवाज खाली. ‘कुठंय विष? उगाच काहीतरी बोलू नकोस’ असं म्हटलं की तो आपल्यालाही विष घालणाऱ्यांत धरतो. ‘हो बाबा, आहे विष’ म्हणून मान डोलावली तर त्याचा भ्रम आपणच पक्का करतो. त्या रात्री मी एवढंच म्हणत राहिले, ‘मला या ताटात विष दिसत नाही. पण तुला तसं वाटतंय आणि तू घाबरलायस, ते मला दिसतंय. इथं तुला कोणी मारणार नाही.’ तेच वाक्य, तितक्याच सावकाश, पुन्हा पुन्हा. मग त्याला न सोललेलं केळं दिलं. सालीच्या आत कोणी काही घालू शकत नाही, हे त्याला पटण्यासारखं होतं. केळं त्यानं स्वतःच्या हातानं सोललं आणि खाल्लं. नंतर गोळीचं पाकीट त्याच्या हातात दिलं, नाव वाचू दिलं, त्याच्यासमोरच गोळी काढली. त्यानं घेतली. या सगळ्यात तासभर गेला असेल. इंजेक्शन लागलं नाही, कोणी त्याला धरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो नाश्त्याला आपणहून रांगेत येऊन उभा राहिला.

तो तासभर मी त्याच्याजवळून हलले नाही, कारण दुसरी सिस्टर ड्यूटीवर होती. बाकीच्यांच्या गोळ्या तिनं दिल्या, म्हाताऱ्या बाबांचं खरचटलेलं कोपर तिनं बघितलं, फिट येणाऱ्या पेशंटकडे तिचं लक्ष होतं. हाच प्रसंग एकट्या नर्सच्या रात्रपाळीत आला, तर साठ रुग्णांच्या वॉर्डात ती एकासाठी तास कुठून आणणार? दोन मामांनी धरायचं, इंजेक्शन द्यायचं, हातपाय खाटेला बांधायचे, हे दहा मिनिटांत होतं. म्हणून ते होतं. शिवाय नियमाप्रमाणे बांधलं तरी काम संपत नाही, उलट वाढतं. बोटं निळी पडतायत का, पट्टा काचतोय का, श्वास नीट आहे का ते सारखं पाहावं लागतं. पाणी पाजायचं, लघवीला द्यायचं, आळीपाळीनं एकेक हात-पाय सोडून हलवायचा. माणूस तासन्‌तास एकाच जागी पडून राहिला तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. हे सगळं कोणी करायचं? त्याच एकट्या नर्सनं.

एक खंत इथंच लिहिते. रुग्णाच्या खाटेशी बसून बोलत असलेली सिस्टर दिसली, की तपासणीला आलेल्या साहेबांना ती रिकामी वाटते. इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, डाएटचा तक्ता, चादरींची मोजणी, औषधांचा साठा या वह्या भरलेल्या असल्या की वॉर्ड चांगला. माझ्या नोकरीत मला मिळालेले बहुतेक शेरे वह्यांबद्दलचे आहेत. अमुक रुग्णाशी अर्धा तास बोलले, तो काय म्हणाला, बोलताना त्याची नजर कुठं होती, असं लिहायला त्या वह्यांत रकाना नव्हता, म्हणून मी ते केसपेपरवर लिहायची सवय लावून घेतली आणि माझ्या हाताखालच्या मुलींनाही लावली. मनोरुग्णाच्या शुश्रूषेत बोलणं हाच उपचाराचा भाग आहे, फावल्या वेळात करायची गोष्ट नाही.

त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्या रुग्णाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ आपल्या राज्यातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत जास्त. ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?’ असं नर्सनं सरळ विचारायचं असतं. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती घरच्यांना असते, नव्या नर्सनाही असते. तसं होत नाही. कोणीतरी विचारलं, याचाच रुग्णाला आधार वाटतो. अनुभवाशिवाय कळत नाही अशीही एक गोष्ट आहे. नैराश्याचा रुग्ण अगदी खोल बुडालेला असताना त्याच्यात काही करण्याचं बळच नसतं. औषध लागू पडायला लागलं की अंगात बळ आधी येतं आणि मनातलं दुःख मागाहून ओसरतं. ते मधले दिवस धोक्याचे. आमच्या वॉर्डात एक बाई अशीच सुधारत होती. एक दिवस तिनं आपला कंगवा, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट शेजारणींना वाटून टाकलं आणि हसत बसली. नवी मुलगी म्हणाली, ‘सिस्टर, किती छान झाल्या ना या!’ जुन्या सिस्टरनं त्याच क्षणी डॉक्टरांना फोन केला आणि त्या बाईची खाट नर्सच्या टेबलासमोर आणवली. रात्रभर तिच्यावर नजर ठेवली, तीही ठरावीक वेळानं नाही, कारण फेरीची वेळ रुग्णाला पाठ होते. सकाळी ती बाई रडली आणि काय ठरवलं होतं ते तिनं आपणहून सांगितलं. पुढे ती बरी होऊन घरी गेली.

औषधांबद्दलही लोकांचा समज असा, की डॉक्टर लिहितात आणि नर्स देते. देणं ही निम्मीच गोष्ट. गोळी गिळली का ते पाहायला तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला सांगायची, गालाच्या कोपऱ्यात बघायचं, आणि हे सगळं रुग्णाचा अपमान न करता. त्यापुढचं काम परिणाम ओळखण्याचं. भ्रम-भास कमी करणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं काही तरुण मुलांची मान अचानक एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. खेड्यातले आईबाप हे पाहून हबकतात. बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषाकडे नेतात, नाहीतर हॉस्पिटलनं पोराला अधू केलं म्हणून औषध कायमचं बंद करतात. प्रोमेथाझिनचं एक इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात मान सरळ होते. डिस्चार्जच्या वेळी आईला हे दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर पोराचं औषध सुटलं नसतं. पण डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर कागद पुरे करण्यात असते.

मनाचे टोकाचे चढउतार सावरणाऱ्या लिथियमचं तर फार जपावं लागतं. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावं लागतं, त्यापुढे गेलं की तेच औषध विष होतं. उन्हाळ्यात शेतावर घाम गाळणारा माणूस, जुलाब लागलेला माणूस, अळणी उपवास धरणारी बाई, गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेऊन खाणारा माणूस, या सगळ्यांच्या रक्तात लिथियम वाढू शकतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चाल अडखळायला लागली, बोलणं जड झालं, की गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. आषाढी एकादशीच्या आधी येणाऱ्या प्रत्येक लिथियमच्या रुग्णाला मी सांगायची, वारीला खुशाल जा, पण पाणी आणि मीठ तोडू नका आणि अंगदुखीची गोळी कोणाकडून घेऊ नका. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणाऱ्या रुग्णाला रोज विचारावं लागतं, पोट साफ झालं का. रुग्ण हसतात. पण त्या औषधानं होणारं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ताप आला किंवा घसा दुखला तरी रक्त तपासायला पाठवायचं. औषधानं वजन आणि साखर वाढलेले तर कितीतरी जण. मनाच्या रुग्णाला शरीर नसतं असं समजून त्याच्या छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतं, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. ‘त्याला काय, तो सारखं काहीतरी सांगतच असतो’, असं म्हणतात.

हे ज्ञान फक्त मनोरुग्णालयातच लागतं असंही नाही. सिव्हिलला सर्जिकल वॉर्डात असताना मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला एक माणूस आला होता. पहिले दोन दिवस शहाणा, तिसऱ्या दिवशी चादरीवरचे किडे झटकायला लागला, हात कापायला लागले, अंग घामानं भिजलं, बायकोला ओळखेना. वॉर्डात बोलायला लागले की हा वेडा झाला, याला मेंटलला पाठवा. तो वेडा नव्हता. रोज पिणारा माणूस, ॲक्सिडेंट झाल्यापासून दारू बंद झाली होती आणि दारू तुटल्याचा तो सन्निपात होता. दोन-तीन दिवसांनीच तो येतो आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्याला शांत करणारं योग्य औषध, शिरेतून थायमिन (ब१ जीवनसत्त्व), आणि तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी, मंद उजेड, ओळखीचं माणूस जवळ, एवढं लागतं. तिथल्या एका सीनियर सिस्टरनं मनोविकार शुश्रूषेचा डिप्लोमा केलेला होता, म्हणून ते वेळेत ओळखलं गेलं. भरती करतानाच ‘दारू घेता का, शेवटची कधी घेतली’ असं बायकोसमोर न विचारता वेगळं विचारायचं, हे मी तिच्याकडून शिकले. राज्यातल्या प्रत्येक अस्थिरोग वॉर्डात असे पेशंट येत असतात.

तर हा डिप्लोमा. सर्वसाधारण नर्सिंगच्या शिक्षणात मानसिक आरोग्याचा विषय असतो आणि थोड्या आठवड्यांची पोस्टिंगही असते. त्यापुढे एक वर्षाचा मनोविकार शुश्रूषेचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एम. एस्सी. आहे. पण २०१७ च्या कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची जी व्याख्या आहे, तिच्यात सर्वसाधारण नर्सिंगची पदविका किंवा पदवी आणि नर्सिंग परिषदेची नोंदणी असलेली कोणतीही नर्स बसते. कागदावर त्यामुळे जागा भरलेली दिसते. प्रत्यक्षात प्रसूती विभागात वर्षानुवर्षं उत्तम काम केलेली सिस्टर बदलीनं मनोरुग्णांच्या वॉर्डात येते आणि पहिल्याच आठवड्यात तिला नाइट लागते. ती घाबरते, आणि घाबरलेली नर्स रुग्णाला लगेच कळते. उलट, सरकारी खर्चानं वर्षभर डिप्लोमा करून आलेली मुलगी पुढच्या बदलीत डोळ्यांच्या विभागात जाते. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या अशा मुली मी जाताना पाहिल्या. त्यांचा निरोप समारंभ करताना मला आनंद झाला नाही.

स्त्रियांच्या वॉर्डाबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. पूर्वी उवा झाल्या की सरसकट केस कापले जायचे, कारण साठ डोक्यांना औषध लावून फणी फिरवायला हातच नव्हते. आता कलम २० प्रमाणे सक्तीनं डोकं भादरता येत नाही. आपले स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. हे वाचायला साधं वाटतं. पण जी बाई भ्रमात आहे, जिला पाळी आल्याचंही भान नाही, तिला दिवसातून तीन-चार वेळा बाजूला नेऊन, पडदा ओढून, समजावून कपडा बदलायला लावणं हे मावशींचं आणि नर्सचं काम आहे, आणि त्याला वेळ लागतो. कितीतरी महिने एक शब्द न बोललेली एक बाई आमच्याकडे होती. घरून आलेली तिची हिरवी साडी नेसवल्यावर निऱ्या नीट नाहीत म्हणून ती मावशींवर रागावली. तिचा पहिला शब्द आम्ही ऐकला तो तो. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवलं.

याच बायकांचं घरी जाणं सगळ्यांत अवघड. बरी झाली तरी न्यायला कोणी येत नाही. पत्र पाठवलं की ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’ म्हणून परत येतं. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं कलम १९ सांगतं. त्यावर उपाय म्हणून बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून थेट त्यांच्या गावी पोहोचवण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं वर्षानुवर्षं केलं आहे. त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

घरी गेल्यावर काय, हा प्रश्न मी कराडात राहायला आल्यापासून जास्त जवळून पाहते. इकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या एका टोळीतल्या तरुणाला गावी दर महिन्याला इंजेक्शन होतं आणि तो चांगला होता. इकडे आल्यावर इंजेक्शन चुकलं. मुकादमाला कळलं तर उचल परत मागेल म्हणून भावजयीनं कोणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तो फडातून रात्री निघून गेला. सापडला, सुदैवानं. माझ्या ओळखीच्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्या एका सिस्टरनं त्या बाईला एक कार्ड करून दिलं. त्यावर औषधाचं नाव, मात्रा, मागची तारीख, पुढची तारीख, सगळं ठळक अक्षरात लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवलं की काय द्यायचं ते कळावं म्हणून. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि त्याच्या पथकात नर्सची जागा असते. ती जागा भरलेली असली आणि तिला फिरायला गाडी असली, तर असे कितीतरी रुग्ण वॉर्डापर्यंत येणारच नाहीत. आपल्या वाचकांसाठी हेही लिहून ठेवते, की टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. तिथं चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

माझं मागणं फार नाही. मनोरुग्णांच्या कुठल्याही वॉर्डात रात्री एकटी नर्स असू नये, किमान दोघी असाव्यात आणि त्यातली एक मनोविकार शुश्रूषा शिकलेली असावी. डिप्लोमा झालेल्या नर्सची बदली करायचीच, तर ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या मनोविकार विभागातच व्हावी. बदलीनं नव्यानं आलेल्या सिस्टरनं पहिला महिना तरी जुन्या सिस्टरबरोबर काढावा, त्याआधी तिला नाइट लावू नये. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांकडे आणि जिल्हा रुग्णालयांतल्या मनोविकार विभागांकडे आपल्या वार्ताहरांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत. नर्सची मंजूर पदं किती, भरलेली किती. डिप्लोमा झालेल्या नर्स किती आणि आज त्या कुठल्या विभागात काम करतात. मागच्या एका महिन्याचं रात्रपाळीचं रोस्टर, वॉर्डवार रुग्णसंख्येसह. आणि त्याच महिन्यात रुग्णांना बांधल्याच्या नोंदी, तारीख-वेळेसह, कोणाचंही नाव न देता. शेवटचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. माझी खात्री आहे की ज्या रात्री नर्स एकटी होती, त्याच रात्री दोऱ्या जास्त निघालेल्या दिसतील. तसं दिसलं नाही तर तेही छापा. रोस्टर आणि नोंदवह्या वाचताना काही अडलं, तर समजावून सांगायला मी आपल्या कचेरीत येईन. नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. ज्या रुग्णांबद्दल लिहिलं आहे त्यांच्या घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तो प्रसिद्ध करू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, कराड